हिम बिबट्या पदभ्रमण (लडाख)

हिम बिबट्या पदभ्रमण ही लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या आसपासच्या दऱ्यांमध्ये हिवाळ्यात होणारी पायी वन्यजीव सहल आहे. स्थानिक मार्गदर्शकांच्या सोबतीने पर्यटक काही दिवस एखाद्या दरीत मुक्काम करतात आणि समोरच्या डोंगरउतारांवर हिम बिबट्याचा शोध घेतात. ताडोबा किंवा कान्हा येथे वाघ पाहण्यासाठी जिप्सी गाडीतून ठरावीक वाटांवर फेरी मारली जाते. येथे मात्र चालणे आणि एका जागी थांबून निरीक्षण करणे हीच मुख्य पद्धत आहे. पूर्वी गावकऱ्यांनी शत्रू मानलेल्या शिकारी प्राण्यापासून त्याच गावांना हिवाळी उत्पन्न मिळू लागले, हे या सहलीचे वैशिष्ट्य मानले जाते.

भौगोलिक स्थान

हेमिस राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९८१ साली झाली. पुढे हद्दवाढ होऊन त्याचे क्षेत्र सुमारे ४,४०० चौ. किमी झाले. भारतातील सर्वांत मोठ्या राष्ट्रीय उद्यानांपैकी ते एक असून त्याला हेमिस येथील बौद्ध मठाचे नाव देण्यात आले आहे. उद्यानाच्या उत्तरेस सिंधू नदी वाहते. रुंबक व मार्खा या खोऱ्यांतील गावे उद्यानाच्या हद्दीतच वसलेली आहेत. तेथे जवाची शेती होते आणि शेळ्या, मेंढ्या, याक व झो (याक आणि गाय यांचा संकर) पाळले जातात. रुंबक गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. लेहच्या वायव्येकडील उले हे या सहलींचे दुसरे परिचित ठिकाण असून तेथे गावापर्यंत मोटार जाते.

हंगाम

सहलींचा मुख्य काळ जानेवारी ते मार्च हा असतो. उंचावर बर्फ साचल्याने भरल (निळी मेंढी) व आयबेक्स हे चरणारे प्राणी खालच्या उतारांवर येतात आणि त्यांच्यामागे हिम बिबट्याही येतो. हाच त्याचा मीलनकाळ असतो. त्यामुळे नर-मादी अधिक फिरतात, खडकांवर गंधखुणा सोडतात आणि साद घालतात. रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याखालीही जाते. मनालीकडून येणारा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळे बहुतेक पर्यटक विमानाने लेहला पोहोचतात.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. सखल प्रदेशातून थेट विमानाने आलेल्या व्यक्तीला डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश अशी विरळ हवेची लक्षणे जाणवू शकतात. म्हणून चालण्यास निघण्यापूर्वी लेहमध्ये किमान दोन दिवस विश्रांती घेतली जाते. लक्षणे वाढत गेल्यास खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय आहे; मात्र लेहच उंचावर असल्याने तेथे परतणे प्रत्येक वेळी पुरेसे ठरत नाही.

शोधाची पद्धत

हिम बिबट्याला लडाखी भाषेत ‘शान’ म्हणतात. त्याची राखाडी, ठिपकेदार कातडी घसाऱ्याच्या आणि खडकाच्या रंगात इतकी मिसळते की निश्चल बसलेला प्राणी काहीशे मीटरवरूनही दिसत नाही. म्हणून शोधाचा भर थेट प्राणी दिसण्यापेक्षा त्याच्या खुणांवर असतो. झुकलेल्या खडकाखालील गंधखुणा, मागच्या पायांनी उकरलेले खळगे, विष्ठा आणि ताज्या बर्फातील ठसे पाहून प्राणी कोणत्या दिशेने व केव्हा गेला असावा याचा अंदाज बांधला जातो.

मार्गदर्शक व माग काढणारे पहाटेच निघतात आणि दरीतील मोक्याच्या उंचवट्यांवर तिवईवर स्पॉटिंग स्कोप लावून डोंगरधारा, कडे आणि घळी क्रमाने न्याहाळतात. हिम बिबट्या मुख्यतः पहाटे व संध्याकाळी हालचाल करत असल्याने हे दोन काळ महत्त्वाचे असतात. भरलांचे वर्तन हीदेखील महत्त्वाची खूण असते. चरणारा कळप एकाएकी थांबून एकाच दिशेला माना वळवून उभा राहिला, तर त्या दिशेचा उतार तपासला जातो. एके ठिकाणी घिरट्या घालणारे डोमकावळे आणि गिधाडे ताज्या शिकारीची सूचना देतात. मोठी शिकार केल्यावर हिम बिबट्या काही दिवस तिच्याजवळ राहतो. त्यामुळे शिकार सापडली की दर्शनाची शक्यता बरीच वाढते.

दर्शन बहुधा दूरवरून आणि स्कोपमधूनच होते. अनेक दिवस थांबूनही प्राणी न दिसणे ही असामान्य गोष्ट नाही. अमेरिकी लेखक पीटर मॅथिसन यांनी १९७३ साली प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्यासह नेपाळमधील डोल्पो भागात केलेल्या प्रवासावर लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकाचे नाव ‘द स्नो लेपर्ड’ असे आहे. मॅथिसन यांना त्या प्रवासात हिम बिबट्या दिसला नव्हता.

या दऱ्यांमध्ये लडाखी उरियल (शापो), लांडगा, लाल कोल्हा, हिमकुक्कुट, चुकर, सोनेरी गरुड आणि दाढीवाले गिधाड हे प्राणी-पक्षीही आढळतात.

पशुपालन आणि संघर्ष

हिम बिबट्या उघड्या कुरणावर सहसा एखादे जनावर मारतो. परंतु तो रात्री बंदिस्त मेंढवाड्यात शिरला तर घाबरून धावणाऱ्या मेंढ्या-शेळ्यांना एकापाठोपाठ एक मारत सुटतो आणि एका रात्रीत एखाद्या कुटुंबाचा बहुतेक कळप नष्ट होऊ शकतो. ज्या घराचे दूध, लोकर व मांस कळपावर अवलंबून असते त्याच्यासाठी हे वर्षानुवर्षांचे नुकसान असते. अशा घटनांनंतर सूडापोटी हिम बिबट्याला मारण्याचे प्रकार पूर्वी घडत. तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये असल्याने त्याची हत्या गुन्हा ठरते. पण दुर्गम दरीत केवळ कायद्याच्या जोरावर संरक्षण होणे अवघड होते.

यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय अगदी साधा ठरला. मेंढवाड्याच्या भिंती उंच करणे, वर तारेची जाळी टाकणे आणि घट्ट बसणारा लाकडी दरवाजा लावणे एवढ्याने सामूहिक हत्या जवळजवळ थांबतात. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉडनी जॅक्सन यांनी २००० साली स्थापन केलेल्या ‘स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी’ने आणि तिच्या भारतीय संस्थेचे संस्थापक, लडाखी गिर्यारोहक रिंचेन वांगचुक (मृत्यू २०११) यांनी हेमिस परिसरात असे मेंढवाडे बांधण्यास मदत केली. साहित्य संस्थेचे आणि श्रम गावाचे, अशी त्यामागील कल्पना होती.

होमस्टे

मेंढवाड्यांमुळे नुकसान कमी झाले, तरी गावाच्या उत्पन्नात भर पडली नाही. लडाख १९७४ साली पर्यटकांसाठी खुले झाल्यावर पदभ्रमणाचा व्यवसाय वाढला होता. पण पर्यटक स्वतःचे तंबू व शिधा घेऊन येत, गावाच्या कुरणावर मुक्काम करत आणि पैसा मुख्यतः शहरातील सहल-व्यावसायिकांकडे जाई. हे बदलण्यासाठी २००२ च्या सुमारास युनेस्कोच्या साहाय्याने रुंबक व परिसरात ‘हिमालयन होमस्टे’ उपक्रम सुरू झाला. पर्यटक गावातील घरात राहतात, घरचे जेवण जेवतात आणि पाहुणे आळीपाळीने वेगवेगळ्या घरांकडे पाठवले जातात. उत्पन्नाचा काही भाग गावाच्या संवर्धन निधीसाठी राखला जातो. व्यवस्था बहुतांशी स्त्रिया पाहतात. वाटेवरील चहा-नाश्त्याची ठिकाणेही महिला गट चालवतात. तरुणांना मार्गदर्शक आणि माग काढणारे म्हणून काम मिळते.

गणना

हिम बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येकात वेगळी असते. तिचा आधार घेऊन हेमिसमध्ये २००३ व २००४ साली स्वयंचलित कॅमेऱ्यांद्वारे घनता मोजण्यात आली. दोन वर्षांच्या अंदाजांत जवळजवळ दुपटीचा फरक आला, यावरून या प्राण्याची मोजणी किती कठीण आहे हे लक्षात येते. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या राष्ट्रीय गणनेनुसार भारतात ७१८ हिम बिबटे असून त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ साली या प्रजातीचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’ असा बदलला.

मर्यादा

पर्यटनाचा लाभ सर्व पशुपालकांना सारखा मिळत नाही. लोकप्रिय वाटेवरील गावांत पाहुणे येतात. आडबाजूच्या गावांत हिम बिबट्या असतो, मेंढ्याही मारल्या जातात, पण होमस्टे चालत नाही. अशा ठिकाणी मेंढवाडे, पशुविमा आणि भरपाई यांवरच भिस्त राहते. प्राणी दिसल्याची बातमी पसरताच अनेक गट एकाच उतारासमोर जमतात. जवळून छायाचित्र घेण्याच्या प्रयत्नात प्राणी शिकार सोडून निघून जाण्याचा धोका असतो. हिवाळ्यात अशी गमावलेली शिकार त्याला महागात पडते. वस्त्या व छावण्यांभोवतीच्या उष्ट्या अन्नावर वाढणारे भटके कुत्रे वन्यप्राण्यांचा पाठलाग करतात आणि मेंढ्याही मारतात. ही लडाखमधील वन्यजीव संवर्धनापुढील एक मोठी समस्या बनली आहे.