निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रिया आणि माहितीपट : इतिहासाच्या एका साधनाचा विचार

प्रस्तावना

मिरजेला इतिहाससंशोधनाची जुनी परंपरा आहे. येथील शाळेत अध्यापन करणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील कागद निवडून 1897 पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याच काळात वि. का. राजवाडे बखरीपेक्षा अस्सल पत्राला अधिक प्रमाण मानावे असा आग्रह धरीत होते. या शिस्तीचे ऋण आपण आजही मान्य करतो. परंतु ज्यांच्या घरी दप्तरच नव्हते त्यांचा इतिहास कशावरून लिहावयाचा, हा प्रश्न त्या शिस्तीने सुटत नाही. प्रस्तुत लेखात सीमाभागातील निपाणी येथील तंबाखू कामगार स्त्रियांवरील 'तंबाखू चाकीला ऊब आली' (1982) या माहितीपटाचा इतिहासाचे साधन म्हणून विचार केला आहे.

निपाणीची पार्श्वभूमी

1956 च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली. व्यवहाराची भाषा मात्र मराठीच राहिली. विडीच्या तंबाखूची ही मोठी बाजारपेठ. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याच्या वखारीत येई आणि तेथे तो कुटण्याचे, चाळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला आणि 6 एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात 12 शेतकरी मृत्युमुखी पडले. ही घटना शेतकरी चळवळीच्या इतिहासात योग्य प्रकारे नोंदली गेली आहे. त्याच तंबाखूची भुकटी छातीत घेणाऱ्या स्त्रियांचे संघटन त्याच काळात चालू होते. सुभाष जोशी यांच्यासारखे कार्यकर्ते दोन्ही आघाड्यांवर होते. तरीही दुसऱ्या लढ्याची नोंद तुलनेने क्षीण आहे. महामार्ग अडला की राज्य हादरते आणि वृत्तपत्रे धावत येतात. वखारीच्या भिंतीआड काम थांबले तर ते बाहेर कोणाला दिसत नाही.

वखारीतील कॅमेरा

'युगांतर' हा स्त्रियांच्या पुढाकाराने चालणारा चित्रपटगट 1980 मध्ये बंगळूर येथे स्थापन झाला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रणकार नवरोज काँट्रॅक्टर हे त्याचे सदस्य होते. पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या लढ्यावर 'मोलकरीण' (1981) तयार केल्यानंतर हा गट निपाणीस आला. चित्रीकरणापूर्वी सुमारे चार महिने गटाने कामगार स्त्रियांच्या सहवासात घालविले. काय दाखवावे याची चर्चा त्यांच्याबरोबरच झाली. संघटन कसे उभे राहिले त्यातील महत्त्वाचे टप्पे स्त्रियांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर पुन्हा घडविले. वखारीतील कामाची परिस्थितीही चित्रित झाली. चित्रपटाची लांबी अवघी 25 मिनिटांची आहे.

या पद्धतीचे वेगळेपण 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या परिचित नमुन्याशी ताडून पाहता स्पष्ट होते. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटापूर्वी दाखविल्या जाणाऱ्या त्या वार्तापटांत आणि माहितीपटांत बहुधा एक पुरुषी, सुशिक्षित आवाज कष्टकऱ्यांविषयी बोलत असे आणि कष्टकरी मुकाट्याने काम करीत असत. (त्या आवाजाची नक्कल आमच्या पिढीनेही शाळेत केली आहे.) निपाणीच्या चित्रपटात बोलण्याचा अधिकारच दुसरीकडे गेला. शीर्षकही लक्षणीय आहे. इंग्रजी नावात निखारे आले आहेत. मराठीत केवळ ऊब आहे. माझ्या मते मराठी शब्द अधिक नेमका आहे, कारण चित्रपटात दिसते ते पेटलेले बंड नसून हळूहळू चढत जाणारी जाणीव आहे.

पुनर्घटित दृश्याचे प्रामाण्य

येथे एक आक्षेप अपरिहार्यपणे उपस्थित होतो. जे दृश्य पुन्हा घडवून चित्रित केले ते अस्सल कसे मानावे? राजवाड्यांच्या कसोटीने ते पत्रापेक्षा बखरीच्या जवळ जाते. आक्षेप खरा आहे. अमुक सभा अमुक दिवशी याच क्रमाने झाली, एवढे सिद्ध करण्यास हे दृश्य पुरेसे नाही. परंतु वखारीतील कागद तरी कोणाचा? हजेरीपट आणि मजुरीचा हिशेब मालकाचा. बायांचे त्यात नाव आणि फार तर अंगठा. आपण एकत्र का आलो, भीती कोणाची होती, हे त्या हिशेबात कोठेही सापडणार नाही. पुनर्घटित दृश्यात मात्र स्त्रियांनी आपल्या लढ्यातील कोणता क्षण सांगण्याजोगा मानला याचा समकालीन पुरावा मिळतो. तो घटनेचा नव्हे, तर घटनेच्या अर्थाचा पुरावा आहे. शिवाय तो अनेक वर्षांनंतरच्या आठवणींतून आलेला नसून चळवळ चालू असतानाचा आहे. बखरीला हा लाभ क्वचितच मिळाला.

अर्थात अशा साधनाची उलटतपासणी आवश्यक आहे. अनिल अवचट यांनी निपाणीच्या विडी कामगारांविषयी केलेले लेखन, चिकोडी तालुका कामगार महासंघाची कागदपत्रे, कामगार न्यायालयातील प्रकरणे आणि मिरजेसारख्या वैद्यकीय केंद्रांतील क्षयरोग्यांच्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत. चित्रपटात जे आलेच नाही तेही विचारावे लागेल. संघटनेत न आलेल्या स्त्रियांचे काय झाले? घरातील पुरुषांचा विरोध किती होता, आणि वखारीत जात कशी वावरत होती?

'युगांतर'चे चित्रपट अलीकडच्या काळात बर्लिन येथील आर्सेनल या संस्थेच्या सहकार्याने डिजिटल स्वरूपात जतन झाले आहेत. चित्रफीत आता सुरक्षित आहे. मात्र 1982 साली वीस वर्षांची असलेली कामगार आज साठी ओलांडून गेली आहे. हा चित्रपट निपाणीत त्या स्त्रियांना पुन्हा दाखवून त्यांचे म्हणणे ध्वनिमुद्रित करण्याचे काम सांगली-कोल्हापूर परिसरातील इतिहास विभागांना एका शैक्षणिक वर्षात करता येण्याजोगे आहे.