समुद्राआधी कालव्याला कायदा

सध्या पोस्टिंग गुरुग्रामला आहे. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी मासे धरण्याच्या नियमांचा इतिहास शोधताना मला एक गोष्ट याच भागात सापडली, आणि आम्हा कोकणातल्या माणसांना ती विचार करायला लावणारी आहे.

सुरुवात करावी लागते ती आपल्याच पेशातल्या एका माणसापासून. फ्रान्सिस डे हा मद्रासच्या लष्करी वैद्यकीय सेवेतला डॉक्टर. रुग्ण तपासता तपासता त्याला माशांचा छंद लागला आणि पुढे तो हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा इन्स्पेक्टर जनरल झाला. 1873 च्या अहवालात त्याने नद्यांची स्थिती मांडली: बारीक आसाची जाळी, ओढ्याच्या तोंडाशी लावलेले सापळे, आणि त्यांत मरणारी पिल्ले. आज पिल्लू मारले तर उद्या मासा कुठून येणार, एवढाच त्याचा मुद्दा होता.

डे 1889 मध्ये गेला. त्यानंतर आठ वर्षांनी, 1897 मध्ये, इंडियन फिशरीज ॲक्ट आला. पाण्यात डायनामाइट फोडून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. हा कायदा किनाऱ्यापासून एक मरीन लीग, म्हणजे तीन सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रालाही लागू होता. पण मासा केवढा असावा, याबद्दल त्यात काही नव्हते.

ते आले 1914 च्या पंजाब फिशरीज ॲक्टमध्ये. 1 नोव्हेंबर 1966 ला हरियाणा वेगळा होईपर्यंत गुडगाव पंजाबातच होते, त्यामुळे हा कायदा इथलाही. कोणत्या हंगामात कोणता मासा मारू नये, किती लांबीच्या वा वजनाच्या आतला मारू नये, लायसन्सशिवाय कुठे मासेमारी करू नये, असे नियम करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ज्या प्रांताला समुद्रकिनाराच नाही, त्याने नदी-कालव्यांसाठी हे आधी लिहून ठेवले.

आपल्याकडे तेव्हा काय होते? रिवाज. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच पुन्हा पाण्यात घालायच्या. खवळलेल्या दर्यापासून माणूस वाचायचा आणि त्याच काळात बऱ्याच माशांची वीणही व्हायची. वल्ह्या-शिडाच्या काळात एवढे पुरले. इंजिन आणि ट्रॉलर आल्यावर रिवाज अपुरा पडला. पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकावाले यांच्यात तंटे वाढले, तेव्हा 1981 चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आला. आता पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी असते. माशाच्या किमान आकाराचा नियम मात्र महाराष्ट्राने 54 जातींसाठी 2023 मध्ये केला, त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. 1914 पासून मोजले तर मधे 109 वर्षे गेली.

यात एक माणूस अजूनही बाजूला राहतो: हौसेने गरवणारा. आपल्या सागरी कायद्याचा सगळा रोख नौका आणि जाळ्यांवर आहे. खडकावर गरी घेऊन बसलेल्याने दिवसाला किती मासे न्यावेत, हे तो विचारत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात रेड ड्रम हा मासा 18 इंचांहून लहान असेल तर सोडावा लागतो आणि 27 इंचांहून मोठा असेल तरीही, कारण मोठी मादी अंडी जास्त घालते. हे हौशी माणसालाही बंधनकारक.

आपल्यातले कितीतरी जण पेन्शन घेऊन रत्नागिरी, मालवण, श्रीवर्धनला स्थायिक होतात आणि संध्याकाळी गरी घेऊन जेटीवर बसतात. एकट्याच्या गरीने समुद्र रिकामा होत नाही, हे खरे. पण बोटभर मासा पिशवीत टाकणारे आपण, उद्या ट्रॉलरवाल्याला कोणत्या तोंडाने बोलणार? गस्तीला कोणी बघत नसले तरी फौजी ऑर्डर पाळतो. ही ऑर्डर अजून कोणी काढलेली नाही, इतकाच फरक. लहान मासा गळावरून अलगद सोडवा, हात ओला करून धरा आणि पाण्यात परत जाऊ द्या.

जय हिंद.