धुळाक्षरांपासून टाचणवहीपर्यंत

पंतोजींच्या शाळेत मूल आधी लिहायला शिके, वाचायला मागाहून. लाकडी पाटीवर विटेचा बारीक भुगा पसरून त्यात अक्षर काढायचे, मोठ्याने म्हणायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. हात बसला की बोरू, शाई आणि कित्ता. छापील पुस्तक नव्हतेच. वाचन म्हणजे मुख्यतः मोडीतली पत्रे आणि हिशेबाचे कागद लावता येणे. आजच्यासारखे वर्गही नव्हते. जो तो आपल्या गतीने पुढे सरके आणि कोणाचे कुठवर आले ते पंतोजींच्या ध्यानात असे.

1822 साली मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी सोसायटी उभी राहिली आणि छापील पुस्तके निघू लागली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ 1828चा. वाचन हा आता लेखनाहून वेगळा विषय झाला. 1855 मध्ये सरकारी शिक्षणखाते आले. त्याने इयत्ता ठरवल्या, क्रमिक पुस्तके नेमली, तपासणीला डेप्युटी (शाळातपासनीस) धाडले. सगळ्या वर्गाने एकच धडा एकाच वेळी शिकायचा, तर त्याची आखणीही आधीच करून ठेवणे आले.

आखणीतला सर्वांत नाजूक प्रश्न म्हणजे पहिले अक्षर कोणते. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या स्थानांवर बेतलेला आहे. कोणते अक्षर गिरवायला सोपे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. त्यामुळे ‘क’च्या गाठीशी झगडण्यापेक्षा ग, म, भ, न ही उभ्या दांड्याची, वळणाने जवळची अक्षरे आधी द्यावीत, अशी रीत रूढ झाली. त्यांतून मन, गगन, नमन असे बिनकान्यामात्रेचे शब्दही लगेच जुळतात. मूल चार अक्षरांवर वाचू लागते, हा या क्रमाचा खरा फायदा.

शिक्षकांच्या प्रशिक्षणातून पुढे ‘पाठ टाचण’, म्हणजे धड्याची लिहून काढलेली आखणी, आले. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी घालून दिलेल्या पायऱ्यांची छाप त्यावर स्पष्ट दिसते: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, मग उपयोजन. पुस्तकातले चित्र आधीच पाहून बसलेल्या मुलांना आज काय शिकायचे ते गंभीरपणे सांगणारे हेतुकथन बरेचदा उपचारापुरतेच उरे. याउलट गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापून मुलाच्या हालचालींना, गाण्यागोष्टींना आणि साधनांना पुढे आणले. अक्षराआधी कान आणि बोटे तयार करण्यावर त्यांचा भर होता.

1967 साली पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, पुण्यात स्थापन झाले आणि पुस्तकांची निर्मिती एका छत्राखाली आली. मोडी तोवर प्राथमिक शाळेतून गेलेली होती.