पाट, मेज आणि चौकट

लढायांचा आणि तहनाम्यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. परंतु माणूस घरांत कोठें बसून जेवतो, ह्याचाहि इतिहास लिहिण्याजोगा आहे असें फारच थोड्यांस वाटलें. वस्तुतः जेवणाची जागा ही घरांतील अत्यंत बोलकी जागा होय. कोण कोणाच्या पंक्तीस बसतो, कोण आधीं जेवतो आणि कोण मागून, कोणाच्या हातचें चालतें आणि कोणाचें चालत नाहीं, हे सारे निर्बंध त्या चार हात जागेंत एकवटलेले असतात. म्हणून मराठी घरांतील जेवण पाटावरून मेजावर कसें गेलें, आणि त्याच्या भोंवतीचें सुतारकाम व रंगकाम कसें बदललें, ह्याचा थोडक्यांत विचार करण्याचें येथें योजिलें आहे. उदाहरणासाठीं भांडुप हें गांव घेतलें आहे. इतिहासांत त्याचें नांव मोठें नाहीं; पण ह्या फेरबदलाचीं बहुतेक साधनें, म्हणजे आगगाडी, रंग आणि पोलाद, त्या गांवांतून किंवा त्याच्या शेजारून गेलेलीं आहेत.

आपल्या जुन्या घरांत जेवणासाठीं राखून ठेवलेली खोली बहुधा नसे. माजघरांत किंवा स्वयंपाकघराच्या पुढच्या भागांत सारवलेल्या जमिनीवर पाट मांडावयाचे, रांगोळी घालावयाची, आणि जेवणें उरकलीं कीं उष्टीं काढून, शेण फिरवून, पाट भिंतीशीं उभे करावयाचे. घटकाभरापूर्वीं जेथें पंगत बसली तेथेंच दुपारीं कोणी लवंडे आणि रात्रीं अंथरुणें पडत. थोरामोठ्यांकडे सामान भारी असे, पण रीत हीच. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत राजाच्या भोजनाचें वर्णन आहे. तो राजाहि गादीच्या आसनावर पूर्वेकडे तोंड करून बसतो. सवाई माधवरावाचें लग्न इ. स. १७८३ मध्यें पुण्यास झालें, त्या वेळच्या व्यवस्थेची नाना फडणविसाची याद प्रसिद्ध आहे. पण त्या थाटाच्या पंक्तीहि पाटांवरच बसल्या. ऐश्वर्य वाढलें म्हणजे पाटाला चांदीचीं फुलें बसत. पाटाचे पाय उंच होत नसत.

ह्याचें कारण लांकडाची किंवा कौशल्याची उणीव हें नव्हे. ज्या सुतारांनीं वाड्यांचे सुरूचे खांब आणि कमळांच्या महिरपी कोरल्या, त्यांस चार पायांवर एक फळी बसवितां आली नसती असें कोण म्हणेल? कारण निराळें होतें. पाट हा एकेकट्याचा असतो. दोन पाटांमधील वीतभर मोकळी जमीन ही जशी सोयीची तशीच धर्माचीहि मर्यादा होती. ती वाढवितां येई, कमी करतां येई, आणि एखाद्याचा पाट पंक्तीबाहेर ओसरीवरहि मांडतां येई. मेजाचें तसें नाहीं. मेज ही सर्वांच्या पुढें आलेली एकच अखंड फळी. तिच्यावर एकाचें ताट आणि दुसऱ्याचें ताट एकाच लांकडाला टेकतात, आणि सोंवळ्या-ओंवळ्याची सीमारेषा काढावयास जागाच उरत नाहीं. मेजाला आपल्या घरांत यावयास इतका विलंब कां लागला, ह्याचें उत्तर माझ्या मतें ह्या एका भेदांत आहे.

वस्तु मात्र अपरिचित नव्हती. ‘मेज’ हा शब्द फारशींतून आणि ‘खुर्ची’ हा अरबींतून आपल्याकडे आला, ‘बांक’ पोर्तुगीजांनीं दिला, ‘टेबल’ इंग्रजांनीं. ‘कपाट’ हा शब्द तेवढा संस्कृत, पण संस्कृतांत त्याचा अर्थ दाराची फळी; सामान ठेवण्याचें कपाट हा अर्थ आपण त्यास मागाहून दिला. ज्या साष्टी बेटांत भांडुप वसलें आहे तें इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें, आणि मग चिमाजीआप्पाच्या मोहिमेंत मराठ्यांकडे आलें. येथील मराठी बोलणारे जे लोक त्या काळांत ख्रिस्ती झाले, आणि ज्यांनीं इ. स. १८८७ मध्यें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें, त्यांस मेजाची ओळख इतरांच्या पुष्कळ आधीं झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं भांडुपची जमीन ल्यूक अ‍ॅशबर्नर नांवाच्या इंग्रजाकडे होती व तेथें रम गाळण्याचा कारखाना चाले. म्हणजे साहेबाचें मेज गांवांत होतें. परंतु तें गांवकऱ्याच्या उंबरठ्याच्या आंत आलें नाहीं.

उंबरठा ओलांडण्याची किंमत काय होती, हें पुण्याच्या एका प्रसंगावरून कळतें. ता. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें आलीं. मंडळींत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी ह्यांनीं पुढें हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं, आणि त्या पेल्याभर चहावरून ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि रानड्यांसारख्या पुरुषानें १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. मुंबईंत परमहंस सभेचे सभासद १८४९ पासून गुपचूप एकत्र पाव खात, तेंहि ह्याच भीतीनें. आज जेवणाचें मेज खरेदी करतांना आपण लांबी-रुंदी पाहतों आणि किंमत पाहतों. त्या काळीं त्याच लांकडाची किंमत जातीबाहेर पडण्याइतकी होती, हें विसरतां कामा नये.

धर्मशास्त्राच्या वादानें जें झालें नाहीं तें वेळापत्रकानें पुष्कळसें केलें. मुंबई सरकारचा मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क हा इ. स. १८४३ मध्यें भांडुपास आला असतां मुंबई, ठाणें, कल्याण आणि पुढील घाट ह्यांस लोहमार्गानें जोडण्याची कल्पना त्यास प्रथम सुचली, असें नमूद आहे. दहा वर्षांनीं, ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी भांडुपवरूनच गेली. पुढें ह्या मार्गावर कचेऱ्यांत आणि कारखान्यांत जाणाऱ्यांची वस्ती वाढली. नऊच्या गाडीस जाणारा मनुष्य पायांत विजार चढवून पाटावर मांडी घालावयास अवघडतो. सोंवळें नेसून, चित्राहुती घालून, पंक्तीची वाट पाहण्यास त्याला वेळ नसतो. शिवाय घरांतील सर्वांच्या गाड्या निराळ्या. अशा रीतीनें पंगत मोडली ती सुधारकांच्या व्याख्यानांनीं मोडली त्यापेक्षां अधिक घड्याळानें मोडली.

आतां लांकडाकडे वळूं. जुन्या घराची खरी शोभा दाराच्या चौकटींत असे. वर गणेशपट्टी, खालीं उंबरठा, दोन्ही बाजूंस वेलबुट्टी. आणि खांबाखालीं दगडाचा तळखडा, कारण लांकडाचें टोंक ओल्या जमिनीस टेकलें कीं वाळवी लागलीच म्हणून समजावें. मुंबईच्या वाढत्या वस्तीस देशांतील साग पुरेना, तेव्हां ब्रह्मी सागवान येऊं लागलें. त्या व्यापारासाठीं इ. स. १८६३ मध्यें ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी निघाली. तिच्यावर ब्रह्मी दरबारानें लादलेला दंड हें १८८५ च्या युद्धाचें एक निमित्त झालें, आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा बंदिवान होऊन रत्नागिरीस आला. तेथें १९१० सालीं त्याच्यासाठीं राजवाडा बांधला, त्यांतहि त्याच्याच देशाचें सागवान आहे. १९१६ मध्यें तो तेथेंच वारला. आपल्या दारांच्या चौकटींमागें एका राज्याचा अंत आहे, हें सुतारालाहि ठाऊक नसतें आणि घरमालकालाहि.

शहरी घरांत कोरीव चौकट गेली आणि तिच्या जागीं साध्या पट्ट्या आल्या. चौकट आणि गिलावा ह्यांच्या मधली फट झांकणारी पट्टी, भिंतीच्या पायथ्याशीं बसणारी पट्टी, खिडकीखालची फळी. पूर्वीं भिंतीच्या पायथ्याशीं गेरूचा पट्टा ओढला कीं काम भागे. आतां तेथें लांकूड किंवा फरशी आली. हें काम दिसावयास हलकें, पण कुशलतेची परीक्षा पाहणारें. दोन पट्ट्या कोपऱ्यांत मिळवावयाच्या तर प्रत्येकीचें टोंक काटकोनाच्या निम्म्यानें कापावें लागतें, आणि भिंतीचा कोपरा तर क्वचितच नेमका काटकोनांत असतो. म्हणून जाणता सुतार गुण्यावर विसंबून न राहतां आधीं रद्दी तुकडा लावून पाहतो. शिवाय साष्टीच्या पावसाळ्यांत लांकूड आडव्या अंगानें फुगतें, लांबींत जवळजवळ वाढत नाहीं. उन्हाळ्यांत घट्ट बसविलेलें दार आषाढांत अडकतें तें ह्यामुळेंच. लाखेच्या पॉलिशचेंहि तसेंच. चपडा लाख स्पिरिटांत विरघळवून कापसाच्या बोळ्यानें पातळ हात द्यावयाचे. हवा दमट असली तर त्यावर पांढुरकी छाया येते. तैलरंग द्यावयाचा तर आधीं खिळ्यांचीं डोकीं आंत ठोकून लांबी भरावी, काचकागदानें घासावें, आणि मग दोन हात द्यावे. ह्या सर्वांस कोरडे दिवस हवेत. म्हणून समजूतदार माणसें असें काम दिवाळीनंतर काढतात आणि मृगापूर्वीं उरकतात.

हा तैलरंग एके काळीं भांडुपांतच होत असे. इ. स. १९४२ मध्यें, युद्धामुळें परदेशी रंगाची आयात आटली असतां, गिरगांवांतील गायवाडींत चार मित्रांनीं रंगाचा धंदा आरंभिला. तीच पुढें एशियन पेंट्स ही कंपनी झाली आणि तिचा मोठा कारखाना भांडुपास उभा राहिला. तेथील रंगनिर्मिती आतां थांबली आहे. शेजारीं विक्रोळीस पिरोजशा गोदरेज ह्यांनीं १९४३ सालीं जमीन घेतली. कुलुपांपासून निघालेली आणि १९२३ पासून पोलादी कपाटें करणारी ती पेढी पुढें तेथें विस्तारली, आणि पोलादी टेबलें व खुर्च्या कचेऱ्यांतून घरांत शिरल्या. घर सजविणें हा मध्यम वर्गाचाहि विषय आहे, हें इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनें १९३७ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या टाऊन हॉलमध्यें भरविलेल्या आदर्श गृहाच्या प्रदर्शनानें दाखविलें होतेंच. १९५० मध्यें भांडुप मुंबईच्या हद्दींत आलें. कारखाने वाढले, डोंगराच्या उतारावर चाळी चढल्या, आणि पुढें कारखाने हटूं लागले तशा त्यांच्या जागीं उंच इमारती आल्या.

ह्या इमारतींतील घरांत जेवणास निराळी खोली क्वचितच असते. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर ह्यांच्या मधल्या तुकड्यावर एक मेज आणि चार खुर्च्या, बहुधा एक बाजू भिंतीस लागलेली. ह्याच मेजावर मूल अभ्यास करतें, भाजी निवडली जाते, कोणी हिशोब लिहितो. एका परीनें ही माजघराचीच पुनरावृत्ति झाली. एकच जागा अनेक कामांस. ज्यास ही जागा नीट करावयाची असेल त्यानें मेजाच्या नक्षीपेक्षां त्याच्या भोंवतीची वाट आधीं मोजावी. खुर्ची मागें सरली असतां पाठीमागून ताट घेऊन मनुष्य जाऊं शकला पाहिजे, आणि पाठ घासते तेथें भिंतीवर एक लांकडी पट्टी असली तर रंग टिकतो. चाळीच्या खोलींत भिंतीस बिजागरीनें लटकावलेली फळीहि हें काम करते. जेवण झालें कीं पाटासारखी ती उभी राहते.

परंतु खरा प्रश्न सामानाचा नाहीं. पाटाच्या काळीं वाढणारी स्त्री सर्वांत शेवटीं, बहुधा एकटी जेवे. तिला पंक्तींत पाट नसे असें नव्हे. पण ज्या वेळीं तो मांडला जाई त्या वेळीं पंक्ति उठून गेलेली असे. मेजानें एक शक्यता निर्माण केली. पातेलीं मधोमध ठेवलीं कीं ज्यानें त्यानें हातानें घ्यावें, आणि वाढणारणीनेंहि बसावें. जातीजातींमधील वीतभर जमीन मेजानें बुजविली, तसेंच आधीं आणि मागून ह्यांतील अंतरहि त्यानें बुजवावें अशी अपेक्षा वावगी नाहीं. तथापि अनेक घरांत चार खुर्च्यांपैकीं एक अजूनहि रिकामी असते, कारण तिच्यावर बसावयाची बाई तव्यापाशीं उभी राहून गरम पोळ्या करीत असते. तेथें मेज आलें, पण पंगत जुनीच राहिली.

पाट टाकून मेज घेतल्यानें आपण कांहीं गमावलें हें नाकारण्याचें कारण नाहीं. रांगोळीची रेघ, पंक्तीची शिस्त, सर्वांची जेवणें होईतों कोणीं न उठण्याचा संकेत, ह्यांत सौजन्य होतें. तें सौजन्य मेजावरहि आणतां येईल. पण त्यासाठीं शेवटची पोळी होईतों इतरांनीं थांबलें पाहिजे, किंवा पोळ्या आधींच करून झांकून ठेविल्या पाहिजेत. जुन्या पंक्तींत यजमान आल्याशिवाय कोणी आपोष्णी घेत नसे. तोच मान घरच्या अन्नपूर्णेस देण्यास लांकडाचा, रंगाचा किंवा कारागिराचा एक पैसाहि खर्च लागत नाहीं.