ताटलीच्या पाठीवरचा जपान

जुन्या सामानाच्या विक्रीत फिकट फुलांची, सोनेरी कडेची जपानी पोर्सिलेनची ताटली हाती आली, की जाणकार संग्राहक ती आधी पालथी करतो. नक्षी डोळ्यांना सुखावते. भांड्याचा काळ मात्र तळाची मुद्रा सांगते.

या भांड्यांत सर्वाधिक परिचित नाव नोरिताकेचे. मोरिमुरा बंधूंनी १९०४ साली नागोयाजवळ ही कंपनी स्थापन केली. भट्टीत न वाकणारी, सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाची सपाट ताटली बनवणे हेच सर्वांत अवघड ठरले आणि पहिला संपूर्ण डिनर सेट तयार होण्यास १९१४ साल उजाडले. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वीचा दर्जा राखता येईना, तेव्हा कंपनीने काही काळ आपले नाव बाजूला ठेवून ‘रोझ चायना’ ही मुद्रा वापरली. स्वतःच्याच मालाला स्वतःचे नाव नाकारणारा उत्पादक विरळाच!

१९४७ पासून निर्यातीच्या मालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ अशी मुद्रा येऊ लागली. २८ एप्रिल १९५२ रोजी शांतता करार अमलात आला आणि दोस्त राष्ट्रांचा ताबा संपला. जेमतेम पाच वर्षांच्या या मुद्रेला संग्राहकांत मागणी असल्याने तिची नक्कलही होते. झिलईवर नंतर उमटवलेला बनावट ठसा अनेकदा नखांचे रंग काढण्याच्या द्रवाने पुसला जातो. भट्टीत भाजलेला टिकतो. मात्र त्या काळातील सर्वच भांड्यांवर ही मुद्रा नव्हती, त्यामुळे नुसते ‘जपान’ पाहून निष्कर्ष काढू नये.

खरेदीपूर्वी कडेवरून बोट फिरवावे, म्हणजे उडालेला टवका कळतो. टिचकीचा बद्द आवाज बहुधा तडा दाखवतो. कप सर्वांत आधी फुटतात. त्यामुळे अपुऱ्या सेटची जोड शोधताना तळावरील नक्षीचे नाव वा क्रमांक टिपून ठेवावा. रचून ठेवताना प्रत्येक दोन ताटल्यांमध्ये मऊ कापड घालावे, अन्यथा वरच्या ताटलीच्या तळाची खरखरीत कड खालच्या नक्षीवर ओरखडे पाडते.

सोनेरी कडेची भांडी मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नयेत आणि हातानेच धुवावीत. झिलईवर केलेल्या जुन्या रंगकामात शिसे वा कॅडमियम असू शकते आणि आंबट पदार्थांत ते उतरते. प्रयोगशाळेत तपासणी झालेली नसेल, तर लोणचे, चिंचेची आमटी आणि सोलकढी या भांड्यांत वाढू नये.