हप्ता आणि हजेरी

मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. त्यांतली एक माझी आजी. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि आजोबा पाझर तलावाच्या भरावावर माती टाकायचे. "हाताला फोड यायचे, मंग फडकं गुंडाळायचं अन् पुन्हा हातोडी धरायची," आजी सांगायची. "मस्टरवर नाव लागलं का जिवात जीव यायचा. संध्याकाळी सुकडी भेटायची, ती पोरांसाठी पदरात बांधून आणायची." अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी घशाखाली उतरत नसे, तरी भाकरी त्याच ज्वारीची. हे सगळं ती मान ताठ ठेवून सांगायची. सरकारनं खायला घातलं याची तिला लाज नव्हती, कारण मुकादमाच्या हजेरीत तिचं नाव होतं.

दुष्काळ सरला आणि तिचा थोरला मुलगा, आमचे तात्या, सातपूरला आले. त्र्यंबक रस्त्याच्या कडेनं एमआयडीसी वाढत होती, मायकोचा भोंगा ऐकून लोक घड्याळं लावत. तात्या एका मध्यम कारखान्यात फिटर म्हणून लागले. आधी गावठाणात भाड्याची खोली, मग एमएचबी कॉलनीत पोटभाडेकरू, आणि 1982 साली सातपूर नगरपालिका नाशिक महापालिकेत विलीन झाल्यावर काही वर्षांनी अशोकनगरकडं स्वतःचं दोन खोल्यांचं घर. त्यासाठी कामगार पतसंस्थेचं कर्ज, प्रॉव्हिडंट फंडातून उचल, वर बँकेचं कर्ज.

तात्यांच्या जुन्या पगारचिठ्ठ्या काकूंनी ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत. पतसंस्थेचा हप्ता, फंड, ईएसआय आणि त्यांच्याखाली बारीकशी एक कपात: व्यवसाय कर. हा कर महाराष्ट्रानं 1975 साली रोजगार हमीसाठी आणला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात 1965 साली करून पाहिलेली कल्पना दुष्काळानं राज्यभर नेली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारानं कर द्यायचा, सरकारनं तेवढीच भर घालायची आणि त्या निधीतून खेड्यातल्या माणसाला मागेल तेव्हा काम द्यायचं. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता. देशाला असा कायदा करायला 2005 साल उजाडलं. तात्यांना याचा अभिमान होता. "माझ्या आईनं फोडलेल्या खडीची परतफेड चालू आहे," असं ते म्हणत. मला वाटतं, महाराष्ट्रानं केलेल्या मोठ्या गोष्टींत ही फार वरची आहे, आणि शाळेच्या पुस्तकांत ती फार कमी सांगितली जाते.

नव्वदच्या दशकात तात्यांच्या कारखान्याला टाळं लागलं. गेटवर सभा झाल्या, थकबाकीसाठी तारखा पडत राहिल्या, आणि बँकेच्या हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला बरोबर यायची. काकूंच्या पाटल्या गेल्या, नंतर मंगळसूत्राच्या वाट्याही. तात्या सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचे, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. आयटीआयच्या सिग्नलपर्यंत चालत जायचे, कुठं हंगामी काम मिळतं का ते बघायचे. त्या काळातलं त्यांचं एक वाक्य काकू अजून सांगतात: "दुष्काळात माझ्या आईला तहसीलदाराकडं काम मागता येत होतं. मी सातपुरात कोणाकडं मागू?"

याचं उत्तर त्यांना मिळालं नाही. रोजगार हमीचा कायदा खेड्यासाठी होता. वर्षानुवर्षं ज्या निधीला त्यांनी पैसे दिले, त्यावर त्यांचाच हक्क नव्हता. घरकर्जाच्या व्याजावर आयकरात सूट होती, पण जो कर भरतो त्याला. पगार थांबला की कर थांबतो आणि सूटही. मला यातली खरी चूक हीच दिसते. घरकर्जदाराला सरकार भरपूर देतं, फक्त त्याची अडचण नसताना देतं.

हिशेब करून पाहा. 2014 साली व्याजावरच्या सुटीची मर्यादा दीड लाखांवरून 2 लाख झाली. जुन्या करपद्धतीत 30 टक्के कर भरणाऱ्याचे त्यातून वर्षाला 60 हजार वाचतात, महिन्याला 5 हजार. 5 टक्क्यांच्या टप्प्यातल्याचा कर तसाही माफ असतो, त्याचं यातून काहीच वाचत नाही. संजय गांधी निराधार योजनेतल्या विधवेला महिन्याला दीड हजार, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, तलाठी, सेतू केंद्र. 2017 पासून काही वर्षं वर्षाला 18 लाख कमावणाऱ्यालाही प्रधानमंत्री आवास योजनेत व्याजाचं अनुदान मिळत होतं. त्याच्या दारात चौकशीला कोणी गेलं नाही, आणि त्याला कोणी फुकट्या म्हटलं नाही.

2020 च्या टाळेबंदीत आमच्या घरात यावरून कडाक्याचं भांडण झालं. चुलतभाऊ कंत्राटी कामगार, फ्लॅटचं कर्ज डोक्यावर. रिझर्व्ह बँकेनं मार्चमध्ये हप्ते तीन महिने पुढं ढकलायला परवानगी दिली, मग ऑगस्टअखेरपर्यंत. पण व्याज चढतच राहिलं. पुढं व्याजावरच्या व्याजाची भरपाई सरकारनं दिली, ती 2 कोटींपर्यंतच्या कर्जालाही. स्वारबाबानगरच्या झोपडपट्टीत तेव्हा माणशी 5 किलो धान्य मोफत येत होतं. भाऊ म्हणाला, "त्यांना फुकट, आणि आपण व्याज भरायचं?" म्हातारी आजी खाटेवर होती. ती उठून बसली. "मी बी सुकडी खाल्लेली हाये. त्यांच्या ताटातलं मोजू नको. तुझ्या ताटाचं काय ते सरकारला इचार." त्यानंतर घरात कोणी हा विषय त्या सुरात काढला नाही.

हा वाद परदेशातही आहे. ब्रिटनमध्ये सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या घरमालकाच्या कर्जाचं व्याज सरकार अनुदान म्हणून भरायचं. एप्रिल 2018 पासून ते घरावर चढणारं कर्ज झालं, घर विकलं की वसूल होणारं. भाडेकरूला मिळणारी मदत मात्र परत करावी लागत नाही. मला ही विभागणी पूर्ण पटते असं नाही, पण तिच्यात एक शहाणपण आहे: अडलेल्याचं घर आज वाचवायचं आणि त्याचे दिवस पालटले की पैसे परत घ्यायचे. तात्यांना एवढं मिळालं असतं तरी पाटल्या वाचल्या असत्या. आपल्याकडं ईएसआयच्या विमाधारकाला बेकारीत 90 दिवस थोडी रक्कम देणारी अटल योजना 2018 साली आली. ती चांगली आहे, पण 90 दिवसांत सातपुरात पुन्हा कायमची नोकरी मिळालेला फिटर मी पाहिलेला नाही.

व्यवसाय कर आजही कापला जातो, महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कामगार संघटनांनी आता एक मागणी लावून धरावी. शहरातही काम मागण्याचा हक्क द्या, आणि कारखाना बंद पडलेल्या कामगाराच्या एका राहत्या घराचं व्याज वर्षभर याच करातून भरा. त्यासाठी पैसा कमी पडला तर 18 लाखवाल्यांच्या सवलती कमी करा. स्वारबाबानगरच्या रेशनला हात लावू नका.