एका माथ्याचे दोन उतार : अनगोळपासून अरबी समुद्रापर्यंत

बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला वसलेले अनगोळ हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. आज ते महापालिकेच्या हद्दीत सामावलेले गजबजलेले उपनगर असले, तरी वडगाव, शहापूर, येळ्ळूर यांच्याप्रमाणे अनगोळच्या शिवारानेही ‘बेळगाव बासमती’ या सुवासिक तांदळाचे नाव राखले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील या पठारावरून उद्यमबाग, पिरनवाडी असे करीत जांबोटीचा रस्ता धरला की तासाभरात भातशेती मागे पडते आणि सदाहरित रान सुरू होते. पुढच्या तासाभरात चोर्ला घाट उतरून गोव्याचा सखल प्रदेश लागतो आणि त्यानंतर थोड्याच वेळात समुद्र. पठार, पर्जन्यवन आणि पुळण ही तिन्ही रूपे सव्वाशे किलोमीटरच्या आत एकामागून एक पाहावयास मिळावीत, असे प्रदेश भारतात फार नाहीत. गोमंतकीयांना हा रस्ता बेळगावची भाजी ज्या वाटेने येते तो रस्ता म्हणून परिचित आहे. बेळगावकरांना तो गोव्याला जाण्याचा जवळचा मार्ग वाटतो. दोघेही बहुधा मधले पन्नास किलोमीटर गाडीच्या काचेतून पाहतात.

या पट्ट्याचे स्वरूप ठरविणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पाऊस. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात आणि आपला भार माथ्यावरच उतरवितात. आंबोलीस वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस बेळगाव शहरात तो सुमारे १,३०० मिलिमीटरवर येतो आणि गोकाकपर्यंत पोहोचता पोहोचता त्याच्याही निम्मा उरतो. मात्र हा पाऊस विषुववृत्तीय प्रदेशाप्रमाणे बारमाही नाही. तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने रानाला साठवणीच्या पाण्यावर काढावे लागतात. जांभा दगडाचे उघडे सडे, खोल दऱ्यांतील दाट झाडी आणि पानांच्या कुजलेल्या थराखालची माती ही या साठवणीची कोठारे होत. फेब्रुवारीतही एखाद्या ओढ्याला पाणी दिसते, ते या कोठारांमुळे.

कणकुंबी हे खानापूर तालुक्यातील गाव पर्यटनाच्या यादीत क्वचितच आढळते. वस्तुतः सारा प्रदेश समजून घ्यावयाचा तर आरंभ येथूनच करावा. माउली देवीच्या मंदिराजवळ मलप्रभा उगम पावते. ती पूर्ववाहिनी आहे. हब्बनहट्टीच्या नदीपात्रातील मारुतीला पावसाळ्यात पाण्याखाली घेत, असोग्याच्या रामेश्वराजवळून, खानापूरवरून पुढे सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणात अडत ती कुडलसंगम येथे कृष्णेस मिळते आणि शेवटी तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. त्याच कणकुंबीच्या परिसरात कळसा नावाचा नाला पश्चिमेकडे वळतो, म्हादईस मिळतो आणि मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात पोहोचतो. दोन उगमांमधील अंतर पायी चालत जाण्याजोगे आहे. एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांच्या वाटा येथे कायमच्या वेगळ्या होतात. हा पाणलोटाचा माथा डोळ्यांना विशेष भव्य दिसत नाही. धबधबा नाही, कडा नाही, छायाचित्रासाठी थांबावे असा फलकही नाही. तरीही या लेखात पुढे येणारी बहुतेक सर्व स्थळे या माथ्यानेच घडविली आहेत.

आणि वादही येथलाच आहे. कळसा व भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाड परिसराची तहान भागवावी, ही कर्नाटकाची मागणी. खोऱ्याबाहेर पाणी नेल्यास म्हादई आटेल आणि मांडवीत खारे पाणी आत शिरेल, ही गोव्याची भीती. २०१० मध्ये स्थापन झालेल्या म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ टीएमसी पाणी दिले. निवाडा कोणालाच पुरता मानवला नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सुधारित प्रकल्प अहवालास मान्यता दिल्यानंतर गोव्यात पुन्हा असंतोष उसळला. कणकुंबीस थांबणाऱ्या प्रवाशाने उगमाचे दर्शन घ्यावे आणि कालव्याचे खोदकामही पाहून घ्यावे. खोऱ्याच्या राजकारणाची माहिती वृत्तपत्रांतील रकान्यांपेक्षा त्या मातीच्या ढिगांवरून अधिक लवकर कळते.

माथ्यावरून खाली उतरणारे पाणी जेथे कड्यावरून झेप घेते त्या स्थळाला या भागात ‘वझर’ म्हणतात. खानापूर तालुक्यात गवाळीजवळील वज्रपोहा हा म्हादईचा स्वतःचा धबधबा असून त्याची उंची सुमारे ६० मीटर आहे. तो भीमगडच्या रानात आहे. येथे ऐन पावसात वाटा निसरड्या होतात, जळवा मुबलक असतात आणि वनखात्याच्या परवानगीवाचून आत जाता येत नाही. ही अडचण नव्हे, उपकारच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रस्त्यालगतच्या धबधब्यांची दर रविवारी जी अवस्था होते ती पाहिलेल्या कोणालाही ते पटावे.

शिवकालाशी नाते सांगणाऱ्या भीमगड किल्ल्याच्या नावाने हे अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये घोषित झाले. क्षेत्र १९० चौरस किलोमीटर. तळेवाडीजवळच्या बारापेडे येथील चुनखडीच्या गुहांमध्ये ‘रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ’ आढळते. १९१३ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि पुढे कित्येक दशके साऱ्या जगात तिचे ठावठिकाण म्हणून एवढी एकच जागा नोंदलेली होती. नंतर मेघालयात व कंबोडियात ती सापडली. गुहेत शिरून विजेरीचा झोत टाकणे हे पर्यटन नव्हे, एवढे सांगणे पुरेसे आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास, कोयना, चांदोली, राधानगरी आहेत. भीमगड नाही आणि गोव्यातील एकही रान नाही. एवढ्यावरून या पट्ट्याचे मोल कमी ठरत नाही, पण संरक्षणाची एक ढाल मात्र त्यास लाभलेली नाही.

चोर्ला घाट हा कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा या तिन्ही राज्यांच्या सीमा जुळतात तेथला. माथ्यावरचे सुर्ला हे सत्तरी तालुक्यातील गाव गोव्याचे असूनही तेथे जाण्याचा सोयीचा रस्ता कर्नाटकातून आहे. खाली पसरलेले म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये अस्तित्वात आले. क्षेत्र २०८ चौरस किलोमीटर. जानेवारी २०२० मध्ये याच अभयारण्यात गोळावलीजवळ एक वाघीण व तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले आढळले. गोव्यात वाघ असतात हे अनेक गोमंतकीयांना त्या दिवशी प्रथमच समजले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हे क्षेत्र व्याघ्रप्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. घाटात राहणाऱ्या माणसांचे हक्क आणि वाघाचा अधिवास यांचा मेळ घालणे अवघड आहे, पण अशक्य म्हणून तो प्रश्न टाळता येणार नाही.

दूधसागरची ओळख करून देण्याची गरज नाही. ३१० मीटर उंचीचा, चार टप्प्यांचा हा धबधबा मोले परिसरातील अभयारण्यात आहे. बेळगावहून लोंढा, कॅसलरॉक, कुळे या लोहमार्गाने जाताना तो डब्याच्या दारातून दिसतो. १८८० च्या दशकात पोर्तुगीज व इंग्रज सरकारांच्या सहकार्याने बांधलेल्या या घाटमार्गाचा चढ दर ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. दूधसागर स्थानकावर उतरून रुळांवरून चालण्यास बंदी आहे. कुळेहून वनखात्याच्या नियमांनुसार जीपगाड्या जातात, त्या पावसाळ्यात बंद असतात. याच मार्गाच्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. अनमोड घाटाच्या पायथ्याशी तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर आहे. कदंबकालीन असे हे मंदिर काळ्या बेसाल्टचे आहे. हा दगड त्या दरीत मिळत नाही, म्हणून तो घाटावरून उतरविला असावा असे मानले जाते. घाटावर खानापूर तालुक्यातील हलशी हे बनवासीच्या कदंबांचे पलाशिका. गोव्याच्या कदंबांच्या काळातील तेथील भूवराह-नरसिंह मंदिर पाहून मगच तांबडी सुर्ल्यास उतरावे. घाट हा आज सीमा आहे, त्या काळी एकाच राज्याचा मध्यभाग होता.

उत्तरेकडची वाट आंबोलीची. येथे उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे जाऊन घटप्रभेस मिळते, म्हणजे गोकाकच्या ५२ मीटर उंच कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्यात आंबोलीचाही वाटा असतो. उगमाजवळ २०२० मध्ये नोंदलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाचा अधिवास पुढील वर्षी जैवविविधता वारसास्थळ ठरला. आंबोलीतून उतरणारा रस्ता सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्यास जातो. रेल्वे येण्यापूर्वी वेंगुर्ले हेच बेळगावचे बंदर होते. छावणीचे सैनिक आणि व्यापाऱ्यांचा माल तेथूनच वर चढे. जवळचे शिरोडे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी प्रसिद्ध आहे. तेथली मिठागरे आणि सुरूच्या बनामागची पुळण यांना आजही कळंगुट-बागाची गर्दी शिवलेली नाही.

गोव्याच्या किनाऱ्यांपैकी मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. रात्रीचा लख्ख उजेड व कर्कश संगीत त्यांना परत समुद्रात पाठविते. किनाऱ्यावरील वाळू आणि नदीमुखाचे गोडे-खारे संतुलन यांचाही संबंध नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाशी, म्हणजे पुन्हा त्या माथ्याशी आहे.

अनगोळकडून निघणाऱ्याने ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने निवडावेत. तेव्हा धबधबे भरलेले असतात, वाटा सुकू लागतात आणि किनाऱ्यावर दाटी नसते. जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी घाटातील दरडींची चौकशी करूनच निघावे. गोव्यात २०२३ च्या पावसाळ्यात बुडून झालेल्या मृत्यूंनंतर अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी घालण्यात आली होती. एप्रिलच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत चोर्ल्याच्या झाडीत रात्री काजवे दिसतात. त्यासाठी गाडीचे दिवे विझवून थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागते.